टोले देणारे सोन्याचे खिशातले घड्याळ: ओळख, पारख आणि जतन

घरातल्या जुन्या पेटीत सोन्याचे खिशातले घड्याळ सापडले आणि त्याच्या कडेला एक छोटी सरकपट्टी किंवा वरच्या कडीपाशी आत दाबला जाणारा दांडा दिसला, तर दोन गोष्टी त्या दिवशी करू नयेत. ती पट्टी ओढून पाहू नये आणि घड्याळ घेऊन थेट सराफाच्या पेढीवर जाऊ नये. ती पट्टी म्हणजे मोडकी कळ नसून घड्याळाला किती वाजले हे विचारण्याची सोय आहे, आणि अशा घड्याळाचे मोल झाकणाच्या वजनापेक्षा आतल्या यंत्रणेत आणि ती यंत्रणा आपल्या मूळ झाकणात टिकून राहण्यात अधिक असते. सराफ प्रामाणिक असला तरी तो सोने तोलतो. यंत्रणा तोलणे त्याचे काम नव्हे.

अशा घड्याळाला जाणकार रिपीटर म्हणतात. पट्टी सरकवून सोडली की ते त्या क्षणाची वेळ टोल्यांनी सांगते. पाव तासापर्यंत सांगणाऱ्याला क्वार्टर रिपीटर आणि मिनिटांपर्यंत सांगणाऱ्याला मिनिट रिपीटर हे नाव आहे. साडेसात किंवा पाच मिनिटांच्या टप्प्याने वाजणारे प्रकारही आहेत, पण ते क्वचित हाती येतात. गंमत अशी की सव्वा, साडे आणि पावणे या हिशेबात वेळ सांगणाऱ्या मराठी माणसाला क्वार्टर रिपीटरची भाषा शिकावी लागत नाही. तासांचे तीन जड टोले आणि त्यानंतर दोन जोडटोले (दर पाव तासाला एक दुहेरी टोला) ऐकू आले की साडेतीन वाजून गेले, इतकेच लक्षात ठेवायचे.

ही सोय कशासाठी निघाली

आगपेटीची काडी १८२६-२७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन वॉकर याने बनवली. त्याआधी मध्यरात्री जाग आली तर वेळ पाहण्यासाठी चकमक झाडून ठिणगी पाडायची, मग मेणबत्ती लावायची आणि मग घड्याळ शोधायचे. उशाखालच्या घड्याळानेच वेळ सांगितली तर हा सगळा खटाटोप वाचत होता.

घड्याळ टोले देऊ शकते हे शतकानुशतके ठाऊक होते, परंतु जुन्या पद्धतीत टोल्यांचा क्रम एका खाचा पाडलेल्या चाकाने ठरत असे. एकाचे टोले झाले की पुढची पाळी दोनाचीच, मग काट्यांवर काहीही वाजलेले असो. त्यामुळे एकच तास पुन्हा वाजवून घेण्याची सोय त्यात नव्हती. इंग्लंडमधील धर्मोपदेशक एडवर्ड बार्लो याने १६७६ मध्ये वेगळी युक्ती काढली. टोल्यांची संख्या तासकाट्याबरोबर फिरणाऱ्या पायऱ्यांच्या चकतीवरून घ्यायची, म्हणजे कितीही वेळा विचारले तरी उत्तर तेच येते. बार्लोने या युक्तीचे खिशातले घड्याळ करून एकाधिकार मागितला, तेव्हा लंडनचा घड्याळकार डॅनियल क्वेअर यानेही तसेच घड्याळ पुढे केले. १६८७ मध्ये राजा दुसरा जेम्स याच्यासमोर दोन्ही घड्याळे ठेवली गेली. बार्लोच्या घड्याळात तासांसाठी एक आणि पाव तासांसाठी एक असे दोन दांडे दाबावे लागत, तर क्वेअरचे एकाच दाबात दोन्ही सांगत असे. राजाने क्वेअरच्या बाजूने कौल दिला.

पुढची दीडशे वर्षे हे यंत्र बारीक आणि पातळ होत गेले. सुरुवातीच्या घड्याळांत झाकणाच्या पोटात वाटीसारखी घंटा असे आणि आवाज बाहेर यावा म्हणून सोन्याच्या कडेला जाळी कोरलेली असे. पॅरिसमध्ये आब्राहाम-लुई ब्रेगे याने १७८३ मध्ये घंटेच्या जागी यंत्राभोवती वळवलेली पोलादाची तार आणली आणि घड्याळाची जाडी एकदम उतरली. मिनिटे वाजवणारे घड्याळ इंग्लंडचा टॉमस मज याने सुमारे १७५० मध्ये स्पेनचा राजा सहावा फर्डिनांड याच्यासाठी केले होते आणि ते चक्क काठीच्या मुठीत बसवले होते.

ब्रेगेच्या कारखान्यातले १६० क्रमांकाचे घड्याळ या कुळातले सर्वात प्रसिद्ध. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी १७८३ मध्ये त्याची मागणी नोंदली गेली आणि शक्य तिथे इतर धातूंऐवजी सोनेच वापरावे अशी अट होती. राणीचा १७९३ मध्ये शिरच्छेद झाला, ब्रेगे १८२३ मध्ये वारला आणि घड्याळ पूर्ण झाले १८२७ मध्ये. १९८३ मध्ये ते जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेले आणि दोन दशकांहून अधिक काळानंतर परत मिळाले. आतबाहेर सोन्याने मढलेल्या या घड्याळाची चर्चा कोणी तोळ्यांत करत नाही.

पहिली पायरी: न उघडता पाहणे

टेबलावर जाड मऊ कापड पसरून त्यावर घड्याळ ठेवावे. ते किल्लीने चालते की वरच्या मुठीने, म्हणजे फिरवून चावी देण्याच्या बोंडाने, हे आधी पाहावे. मुठीने चावी देण्याची सुधारित रचना फ्रेंच घड्याळकार आद्रियाँ फिलिप याने १८४५ मध्ये आणली आणि ती सर्रास होण्यास आणखी काही दशके गेली. त्यामुळे किल्लीचे भोक असलेले घड्याळ बहुधा १८८० पूर्वीचे समजावे, आणि मूठ व कडेला सरकपट्टी असलेले साधारण १८८० ते १९२० या काळातले. भारतीय घरांतून निघणारे रिपीटर बहुतेक या दुसऱ्या गटातले, म्हणजे स्विस असतात. कडेला पट्टी नसून कडीचा दांडाच आत दाबला जात असेल, तर ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील किंवा त्याआधीची रीत आहे.

काचेवरही झाकण असणाऱ्याला हंटर म्हणतात. हंटरचे झाकण मूठ दाबल्यावर उघडते. मिटतानाही मूठ दाबून धरावी, झाकण हळूच बसवावे आणि मग मूठ सोडावी. नुसते टपकन मिटले की पोलादी खिट्टी दर वेळी सोन्याची कड घासते, आणि काही वर्षांत झाकण मिटेनासे होते. चांगल्या घड्याळांची ही सर्वात सामान्य इजा आहे आणि ती पूर्णपणे हौसेने केलेली असते.

तबकडी मिन्याची असेल तर तिरप्या उजेडात केसासारख्या चिरा शोधाव्यात. एखादी बारीक चीर वयाला शोभते. काट्याच्या भोकाभोवती टवके उडाले असतील तर कोणीतरी काटे ओबडधोबडपणे काढले होते असे समजावे, आणि असा हात आतही फिरला असण्याची शक्यता गृहीत धरावी. तबकडीवरचे नाव कारागिराचेच असेल असे मानू नये. त्या काळी मोठे विक्रेते स्विस यंत्रणेवर आपले नाव घालून घेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत फाव्र-लेउबा आणि वेस्ट एंड वॉच कंपनी अशा स्विस पेढ्यांचा व्यापार होता, त्यामुळे मुंबईच्या पेढीचे नाव दिसले तर ते खोटे समजण्याचे कारण नाही. ते विक्रीचा माग देते, घडणीचा नव्हे.

दुसरी पायरी: झाकणे उघडणे आणि सोन्याचे शिक्के वाचणे

मागच्या झाकणाच्या कडेला एके ठिकाणी बारीक ओठ असतो. तिथे अंगठ्याचे नख घालावे, सुरी किंवा पेचकस कधीही नाही. आत बहुधा आणखी एक झाकण असते. किल्लीच्या घड्याळात त्यात किल्लीची भोके असतात, आणि त्यावरच फ्रेंचमध्ये वैशिष्ट्ये कोरलेली आढळतात: ‘रेपेतिस्यों’ म्हणजे टोल्यांनी वेळ सांगणारे, ‘आंक्र’ म्हणजे लीव्हर पद्धतीचे, आणि ‘रुबी’पुढचा आकडा म्हणजे माणकांच्या बेअरिंगांची संख्या. मधले झाकण मात्र कित्येकदा पितळेचे, सोन्याचा मुलामा दिलेले असते, म्हणून प्रत्येक झाकणावरचा शिक्का वेगळा पाहावा.

किमान दहापट भिंगाखाली शिक्के वाचावेत. स्वित्झर्लंडच्या १८८० च्या कायद्यानंतर १८ कॅरेटवर हेल्वेशियाचे, म्हणजे एका स्त्रीचे, मस्तक आणि १४ कॅरेटवर खार अशी चिन्हे आली. अस्वल किंवा रानकोंबडा दिसला तर झाकण चांदीचे आहे, वरून कितीही पिवळे दिसो. फ्रान्समध्ये १८ कॅरेटसाठी १८३८ पासून गरुडाचे मस्तक वापरले जाते. इंग्लंडमध्ये मुकुट आणि त्याशेजारी १८ हा आकडा असतो, बिबळ्याचे मस्तक लंडनच्या तपासणी कार्यालयाचे असते, आणि एक सुटे अक्षर वर्ष सांगते. हे अक्षर कोष्टकात पाहिले की इंग्रजी झाकणाचे वर्ष मिळते, आणि या साऱ्या खटाटोपात याहून खात्रीची तारीख क्वचितच सापडते. इंग्लंडमध्ये ९, १२ आणि १५ कॅरेट १८५४ मध्ये मान्य झाले आणि १९३२ मध्ये १२ व १५ रद्द झाले, तेव्हा १५ चा शिक्का दिसला तर घडणीची दोन्ही टोके आपोआप ठरतात. अमेरिकी झाकणावर ‘इतक्या वर्षांची हमी’ असे कोरलेले असेल तर ते सोन्याच्या पत्र्याने मढवलेले आहे; निखळ सोन्याला वर्षांची हमी कोणी देत नाही.

शंका राहिली तर कसोटीवर कड घासू देऊ नये. आता बहुतेक सराफी बाजारांत क्ष-किरणांनी कस सांगणारे यंत्र असते. त्याने झाकणाला ओरखडाही उठत नाही. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोने, १४ कॅरेट म्हणजे ५८.५ टक्के, आणि तेही यंत्रणा, काच व पोलादी खिट्ट्या वजा करून. कोणी घड्याळ पूर्ण तोलून भाव सांगू लागला तर तिथून उठावे.

तिसरी पायरी: यंत्रणा पाहणे

आतले झाकण उघडल्यावर यंत्राच्या परिघाला वेढून एक किंवा दोन गोल पोलादी तारा आणि त्यांच्या टोकाशी छोट्या हातोड्या दिसल्या, तर घड्याळ तारेवर वाजणारे आहे. तारेचा वळसा यंत्राला कुठेही टेकलेला नसावा. तारेवर गंजाचे तांबूस ठिपके असतील तर आवाज बसका निघतो, आणि गंज घासून काढला तरी सूर पूर्ववत होतोच असे नाही. तारांना बोट लावू नये; घामाचा ठसा पुढच्या पावसाळ्यात गंज होऊन उगवतो.

यंत्रावरचा क्रमांक आणि झाकणावरचा क्रमांक दोन्ही लिहून घ्यावेत. ते एकसारखेच असतील असा नियम नाही, परंतु झाकणाच्या कडेला जादा स्क्रूची भोके, बुजवलेली भोके किंवा पट्टीच्या खाचेशी न जुळणारी यंत्रणा दिसली, तर एका घड्याळाचे पोट दुसऱ्याच्या झाकणात बसवले आहे असे समजावे. याला ऐतिहासिक कारण आहे. १९८० च्या सुमारास सोन्याचे भाव भडकले तेव्हा असंख्य झाकणे वितळवली गेली आणि यंत्रणा उघड्या पडल्या. त्यातल्या काही पुढे मिळेल त्या झाकणात शिरल्या. पातेक फिलिपसारख्या घड्याळे बनवणाऱ्या जुन्या घराण्यांकडे आजही त्यांच्या दप्तरातला उतारा मिळतो आणि तो या क्रमांकांवरूनच निघतो.

यंत्रणेवर नावच नसेल तर निराश होऊ नये. त्या काळातील बहुतेक उत्तम रिपीटर यंत्रे स्वित्झर्लंडच्या झू (Vallée de Joux) खोऱ्यात आणि ल लोक्ल गावाच्या परिसरात बनत आणि निनावीच विकली जात. उलट ब्रेगेचे नाव ठळक कोरलेले दिसले तर संशय घ्यावा. त्याच्या हयातीतच नकला इतक्या बोकाळल्या होत्या की त्याने तबकडीवर, बाराच्या आकड्याखाली, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी गुप्त सही कोरायला सुरुवात केली होती.

चौथी पायरी: टोले ऐकणे

हे काम घड्याळ घड्याळजीकडून तपासल्यावरच करावे. टोल्यांच्या यंत्रणेतले तेल सुकलेले असताना पट्टी जोराने ओढली तर दाते तुटतात. एका परिचितांच्या घरी दिवाळीत पाहुण्यांना दाखवण्यासाठी असाच हिसका दिला गेला. पट्टी अर्ध्यावर अडकली आणि तिने तासांच्या दात्यांची पट्टी वाकवली. दुरुस्तीला सात महिने लागले, कारण तो सुटा भाग बाजारात मिळत नाही, हाताने घासून करावा लागतो.

यंत्र कसे मोजते हे समजले की चाचणी सोपी होते. तासांची चकती बारा पायऱ्यांची, पाव तासांची चार पायऱ्यांची, आणि मिनिटांची चार हातांची असून तिच्या प्रत्येक हातावर चौदा पायऱ्या असतात. पट्टी ओढल्यावर एक स्प्रिंग ताणली जाते आणि तीन बोटे या चकत्यांवर उतरतात. बोट जितके खोल जाईल तितके दाते हातोडीपुढून सरकतात. चांगल्या घड्याळात एक पहारेकरी भाग असतो, तो पट्टी शेवटपर्यंत गेल्याखेरीज काहीच वाजू देत नाही. पट्टी अर्धी सरकवून सोडल्यावर चुकीचे टोले पडले तर तो भाग नाही किंवा बिघडला आहे. ही चाचणी मात्र स्वतः करू नये. घड्याळजीने करून दाखवली तर पाहावी.

पट्टी सावकाश पण शेवटपर्यंत न्यावी आणि बोट लगेच काढून घ्यावे. ती आपोआप परतत असताना बोटाने धरून ठेवू नये, आणि टोले चालू असताना काटे फिरवू नयेत. काटे पुढच्याच दिशेने लावावेत, हा जुन्या टोल्यांच्या घड्याळांचा सुरक्षित नियम. पहिल्यांदा बारा वाजून एकोणसाठ मिनिटांवर वाजवावे: बारा जड टोले, तीन जोडटोले, चौदा बारीक टोले. जोडटोले दोन-दोन मोजले तर एकूण बत्तीस. एवढे टोले शेवटपर्यंत एकाच चालीत आले तर स्प्रिंगमध्ये दम आहे. शेवटचे मिनिटांचे टोले रेंगाळू लागले तर यंत्रणा मळलेली आहे, आणि सगळे घाईघाईत कोसळले तर वेग आवरणारा नियंत्रक झिजलेला आहे.

खरी परीक्षा बदलाच्या क्षणी असते. तीनला दोन मिनिटे कमी असताना, बरोबर तीनला आणि तीन वाजून एक मिनिटाला असे लागोपाठ वाजवून पाहावे. तीनला तीन टोले आणि मग शांतता हवी. तिथे तीन टोल्यांनंतर चौदा बारीक टोले पडले तर मिनिटांच्या चकतीवर ऐन वेळी पुढे सरकणारा छोटा तुकडा आपले काम करत नाही. जुनी घड्याळे विकणारे बहुधा दहा वाजून दहा मिनिटांना वाजवून दाखवतात, कारण तिथे चूक दिसण्याची शक्यता कमी असते. वाजवून पाहण्याची वेळ आपणच निवडावी.

दोन गोष्टींना दोष समजू नये. एक वाजून सात मिनिटांवर एका टोल्यानंतर लांब खंड पडून मग सात टोले येतात. पाव तासांचे रिकामे दाते सरकत असतात म्हणून तो खंड असतो. तसेच जुन्या नियंत्रकाची टोल्यांमागे भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येते. मात्र प्रत्येक टोल्यानंतर ‘थड’ असा मेलेला आवाज आला, तर हातोडी मारल्यावर तारेपासून मागे सरकत नाही आणि तार दाबून धरते. ते हातोडीच्या बैठकीने सुधारते. तार वाकवून सुधारण्याची तयारी दाखवणाऱ्याच्या हातात घड्याळ देऊ नये.

पाचवी पायरी: घड्याळजी, साठवण आणि परदेश

घड्याळजीला एकच प्रश्न विचारावा: यापूर्वी रिपीटर पूर्ण खोलून पुन्हा बांधला आहे का? साधे घड्याळ उत्तम जुळवणारे अनेक आहेत, पण तबकडीखालची ही रचना खोलणारे थोडे. नाही म्हणणारा प्रामाणिक आहे. त्याच्याकडून पट्टी न छेडता फक्त घड्याळ चालवणारा भाग साफ करून घेण्यातही काही वावगे नाही. झाकण चकाकवून देण्याचा आग्रह मात्र नम्रपणे नाकारावा, कारण पॉलिश म्हणजे सोने आणि शिक्के दोन्ही घासून काढणे.

मुंबई आणि कोकणातील पावसाळा या तारांचा मोठा शत्रू आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून सुती कापडात गुंडाळून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे आणि पुड्या जून ते सप्टेंबर महिन्याला बदलाव्यात. लोहचुंबकाची कळ असलेल्या डबीत ठेवू नये. वर्षातून एक-दोनदा थोडी चावी द्यावी. साखळी वेगळी ठेवावी, नाहीतर ती झाकणावर रेघा ओढत राहते.

परदेशी राहणाऱ्या मुलांना हे घड्याळ देण्याचा विचार असेल तर वयाचा प्रश्न आधी सोडवावा. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा विमानतळावर वाद घालण्याऐवजी आधीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी. वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला तिथूनच मिळतो. इथे शिक्क्यांवरून काढलेली तारीख उपयोगी पडते.

शेवटी घड्याळाची वही करावी. तीत यंत्र आणि झाकणाचे क्रमांक, प्रत्येक शिक्क्याचे छायाचित्र, घरात ते कोणाकडून कोणाकडे आले याची दोन ओळींची नोंद, आणि दुरुस्तीच्या पावत्या असाव्यात. मोबाइलवर शांत खोलीत बारा एकोणसाठचे बत्तीस टोले एकदा ध्वनिमुद्रित करून तारीख घालावी, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर घड्याळ हातात घेण्यापूर्वी दुकानातच तेच बत्तीस टोले पुन्हा ऐकून मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहावेत.